कोराहे, बिलिस आणि आपलं पित्त

आजचा लेख नेहमीसारखा एखाद्या आजारावर नाही. आजार सांगताना आपण जे शब्द वापरतो, त्यांच्यावर आहे. त्यातही मन बिघडल्यावर जे शब्द तोंडातून निघतात, त्यांच्यावर.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात सॅन अँटोनिओ नावाचं मोठं शहर आहे. तिथे मी काही वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून काम केलं. शहरातले निम्म्याहून अधिक लोक लॅटिन अमेरिकी वंशाचे, बहुतेक मेक्सिकन. तरुण मंडळी फाडफाड इंग्रजी बोलतात, पण माझ्याकडे येणाऱ्या आजी-आजोबांना दुखणं सांगायचं तर स्पॅनिशच लागायची. मला तेव्हा 'कुठे दुखतंय', 'श्वास घ्या', 'आडवे व्हा' एवढीच स्पॅनिश येत होती. त्यामुळे मध्ये दुभाषी बसायच्या. रुग्ण स्पॅनिशमध्ये बोलणार, दुभाषी बाई इंग्रजीत सांगणार, आणि माझ्या डोक्यात त्याचं नकळत मराठी होणार.

गुडघा, खोकला, जुलाब यांचं भाषांतर सोपं. गुडघा हा गुडघाच असतो. अडायचं ते मनाच्या बाबतीत. 'उदास', 'वैतागलेला', 'चिडलेला', 'खट्टू', 'हिरमुसलेला' हे शब्द इंग्रजीत सांगून पाहा, म्हणजे माझं म्हणणं लक्षात येईल. स्पॅनिशमध्येही असे पाच-पंचवीस शब्द आहेत आणि इंग्रजीत गेले की त्यांतले निम्मे 'सॅड' होतात, उरलेले 'अँग्री'. (या लेखातल्या रुग्णांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

पहिला शब्द 'कोराहे'. इंग्रजीतला 'करेज' आणि हा शब्द सख्खे भाऊ. दोघांचं मूळ लॅटिनमधल्या 'हृदय' या शब्दात. स्पॅनिशमध्येही कोराहे म्हणजे धैर्य हा अर्थ आहे. पण मेक्सिकोत रोजच्या बोलण्यात कोराहे म्हणजे राग. साधा राग नव्हे, आतल्या आत गिळलेला, जळफळाट करणारा राग. माझ्याकडे साठीच्या एक मधुमेही बाई आल्या होत्या. आधीच्या एका दवाखान्यात त्यांचं म्हणणं फोनमधल्या भाषांतराच्या ॲपने इंग्रजीत करून घेतलं होतं. तिथल्या टिपणात लिहिलेलं होतं की रुग्णाच्या मते तिला धैर्यामुळे मधुमेह झाला. वाचणाऱ्याने काय समजायचं? बाई जरा विक्षिप्त आहेत, एवढंच.

बाई म्हणत होत्या ते वेगळंच होतं. धाकट्या भावाने घराच्या कागदपत्रांत फसवलं, त्याचा त्यांना कोराहे झाला, पुढच्या काही महिन्यांत रक्तात साखर सापडली. मेक्सिकन समाजात ही समजूत खूप खोलवर आहे. मोठा राग किंवा मोठा धसका यामुळे मधुमेह होतो, असं कितीतरी रुग्ण सांगतात. धसक्याला त्यांचा शब्द 'सुस्तो'.

यात वैद्यकीय तथ्य किती? संतापात शरीर ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरकं सोडतं. ती यकृताला साखर बाहेर काढायला लावतात आणि इन्सुलिनचं काम अवघड करतात. त्यामुळे मधुमेह असलेल्या माणसाची साखर भांडणानंतर वाढलेली दिसू शकते. एका भांडणाने मात्र निरोगी माणसाला मधुमेह होत नाही. तो आधीपासून हळूहळू होत असतो, आणि बऱ्याचदा काही महत्त्वाचं घडल्यानंतर तपासणी होते म्हणून तेव्हा सापडतो. हे मी बाईंना सांगितलं, पण दुसऱ्या भेटीत. पहिल्या भेटीत भावाबद्दल विचारलं. पुढे कळलं, की त्या रागात त्यांनी तीन महिने गोळ्याच घेतल्या नव्हत्या. टिपणात 'धैर्य' असल्यामुळे हे कोणी विचारलंच नव्हतं.

कोराहेच्या शेजारी 'बिलिस' असतो. बिलिस म्हणजे यकृतातून स्रवणारं पित्तच. 'आसेर बिलिस', शब्दशः 'पित्त करणे', म्हणजे रागाने आत धुमसणे. त्यावर 'एस्ताफियाते' नावाच्या कडू वनस्पतीचा चहा पितात. दुभाषी बाई हे सारं इंग्रजीत समजावायला धडपडत होत्या. मला मात्र हसू आलं, कारण 'पित्त खवळलं' हे ऐकतच मी लहानाची मोठी झाले. दहा हजार मैलांवरच्या दोन भाषा रागाला एकाच रसाचं नाव देतात आणि मधल्या इंग्रजीत ते नीट बसत नाही. इंग्रजीतही पूर्वी हे होतं. पित्तावरून झालेला चिडखोरपणाचा एक शब्द शब्दकोशात अजून आहे, पण आज तो कोणी बोलत नाही.

प्राचीन ग्रीक वैद्य शरीरात चार रस मानत: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. लॅटिनमध्ये या रसांना 'ह्युमर' म्हणत. म्हणूनच स्पॅनिशमध्ये बिघडलेल्या मनःस्थितीला 'माल उमोर' म्हणतात, म्हणजे वाईट रस. 'मेलँकलिया' या शब्दाचा तर सरळ अर्थच काळं पित्त. आपल्या आयुर्वेदात वात, पित्त, कफ आहेत. दोन्ही परंपरांचा तपशील वेगळा, पण मनाचा बिघाड शरीरातल्या द्रवांशी जोडायची सवय दोन्हीकडे आहे.

प्रत्यक्षात पित्त काय करतं? यकृत रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करतं. तो पित्ताशयात साठतो आणि तेलकट-तुपकट खाल्लं की लहान आतड्यात उतरून चरबी पचवायला मदत करतो. रागाने तो अंगात सांडत वगैरे नाही. मराठीत आपण आणखी गोंधळ घातला आहे. 'पित्त झालं' म्हणजे छातीत-पोटात जळजळ, तिथे दोषी असतं जठरातलं आम्ल. 'अंगावर पित्त उठलं' म्हणजे गांधी, तिथे कारण ॲलर्जी किंवा तत्सम काही. 'पित्ताने डोकं दुखतंय' म्हणणाऱ्या अनेकांना अर्धशिशी असते. चार वेगळे प्रकार आणि शब्द एक! म्हणून पुण्यातल्या माझ्या दवाखान्यात कोणी 'डॉक्टर, पित्त झालंय' म्हणून आलं, की मी 'म्हणजे नेमकं काय होतंय?' असं विचारते. काहींना रागही येतो. पण पन्नाशीच्या माणसाला छातीत दडपण, घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ असेल आणि तो त्याला पित्त म्हणत असेल, तर सोडा पीत घरी बसणं जिवावर बेतू शकतं. अशा वेळी थेट रुग्णालय गाठून ईसीजी काढा.

परत स्पॅनिशकडे. 'मे दिओ कोराहे' याचा शब्दशः अर्थ 'मला राग दिला'. राग बाहेरून येतो, माणसाला गाठतो. आपणही म्हणतो, 'मला राग आला', 'मला कंटाळा आला', 'मला भीती वाटते'. इंग्रजी माणूस म्हणतो, 'आय ॲम अँग्री', म्हणजे मीच राग झालो! हा फरक व्याकरणाचा आहे, पण रुग्णाशी बोलताना मला तो फार उपयोगी वाटतो. 'मला उदासी आलीय' म्हणणाऱ्याला ती जाऊही शकते, हे समजावणं सोपं जातं.

स्पॅनिशमध्ये आणखी एक सोय आहे. 'असणे' यासाठी दोन क्रियापदं: 'एस्तार' तात्पुरत्या अवस्थेसाठी आणि 'सेर' स्वभावासाठी. आत्ता चिडलेला आहे तो एस्तार, मुळातच चिडका आहे तो सेर. स्पेनमध्ये यावर एक रांगडा शब्दप्रयोग आहे, 'माला लेचे', म्हणजे खराब दूध. आईचं किंवा दाईचं दूध जसं, तसा मुलाचा स्वभाव, या जुन्या समजुतीवरून तो आला असं सांगतात. एस्तार लावून बोललं तर 'आज डोकं फिरलंय', आणि 'माला लेचे आहे त्याच्यात' म्हटलं तर 'माणूसच खवचट आहे'. कादंबरीच्या भाषांतरकाराला इथे मौज आहे. डॉक्टरला मात्र नेमकं उत्तर हवं असतं: हा माणूस पूर्वीपासून असाच आहे, की अलीकडे बदलला?

कारण शांत माणूस काही आठवड्यांत चिडका झाला, तर त्याला स्वभाव म्हणून सोडून देता येत नाही. थायरॉइड वाढलेलं असू शकतं. मधुमेहाच्या औषधांनी साखर खाली जात असेल, तर जेवणाआधी चिडचिड होते. घोरणाऱ्या आणि रात्री झोप मोडणाऱ्या माणसाचा दिवस तिरसटपणात जातो. स्टिरॉइड गोळ्यांनी आणि फिट्सच्या काही औषधांनी मूड बदलतो. दारू अचानक सोडली की बदलतो. उतारवयात स्मृतिभ्रंशाची सुरुवात कधीकधी विसरण्याऐवजी संतापाने होते. नैराश्यही रडक्या चेहऱ्यानेच येतं असं नाही. किशोरवयीन मुलांमध्ये तर चिडचिड हे नैराश्याचं लक्षण म्हणून निदानाच्या निकषांतच धरलेलं आहे. 'वयात आलाय, म्हणून तोऱ्यात असतो' असं म्हणण्याआधी त्याची झोप, भूक आणि मित्र यांच्याकडे लक्ष द्या.

सगळ्यात अवघड शब्द होता 'देसेस्पेरादा'. ऐकायला इंग्रजीतल्या 'डेस्परेट'सारखा, मुळातला अर्थ 'आशा सोडलेली'. एका आजींचे यजमान स्मृतिभ्रंशाने आजारी होते. आजी म्हणाल्या, 'मी देसेस्पेरादा आहे.' पंधरा-सोळा वर्षांची नात बरोबर होती. तिने नर्सला इंग्रजीत सांगितलं, की आजीला आता कसलीच आशा उरलेली नाही. झालं! नर्सने नियमाप्रमाणे आत्महत्येच्या जोखमीची प्रश्नावली काढली. नात रडायला लागली, आजीला कळेना काय चाललंय.

मी फोनवरून दुभाषी घेतला आणि आजींना सरळ विचारलं, की जीव द्यावासा वाटतो का? त्यांनी क्रॉस केला आणि मला 'मिहा', म्हणजे 'पोरी', अशी हाक मारून म्हणाल्या, तसलं काही नाही गं, तो मला दिवसातून वीस वेळा विचारतो की आज वार कोणता, माझा जीव नुसता मेटाकुटीला येतो. मेक्सिकोत रोजच्या बोलण्यात देसेस्पेरादाचा अर्थ बहुतेक वेळा हाच, धीर सुटलेली, कावलेली. त्यांना हवी होती आठवड्यातून दोन दुपारी सुट्टी. आम्ही ती सोय लावून दिली.

प्रश्नावली काढण्यात काही वाईट झालं, असं मात्र मी म्हणणार नाही. आत्महत्येबद्दल विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. उलट ज्याच्या डोक्यात असतो त्याला बोलायला वाट मिळते. फक्त तो प्रश्न सोळा वर्षांच्या नातीच्या तोंडून आजीला विचारला जाऊ नये.

उलटं झालं ते जास्त धोक्याचं. कोलंबियातून मुलाकडे राहायला आलेले एक गृहस्थ दर भेटीत म्हणायचे, 'एस्तोय आबुर्रीदो.' शब्दकोशात अर्थ 'मला कंटाळा आलाय'. दुसऱ्या एका दवाखान्याच्या तीन टिपणांत तेच होतं: रुग्णाला घरी कंटाळा येतो, छंद लावून घेण्याचा सल्ला दिला. आमच्या दुभाषी बाईंनी थांबून मला सांगितलं, डॉक्टर, कोलंबियात या शब्दाचा अर्थ खिन्न, जगण्याला विटलेला असाही होतो, मी त्यांना विचारू का? विचारलं. सहा किलो वजन उतरलं होतं, पहाटे तीनला जाग यायची, नातवाशी खेळणं बंद झालं होतं. नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची 'पीएचक्यू-९' नावाची प्रश्नावली असते. त्यात मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, गुण शून्य ते २७, आणि १० किंवा जास्त आले तर नीट तपासणी करायची असते. त्यांना १७ आले. औषध आणि समुपदेशन सुरू केलं. दोनेक महिन्यांनी ते नातवाला घेऊन आले, आणि मला त्याच्या फुटबॉलबद्दल इतकं सांगत बसले की बाहेरचे रुग्ण खोळंबले.

शब्द चुकण्याची किंमत किती असू शकते, याचं अमेरिकेतलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मनःस्थितीचं नाही, पण सांगण्यासारखं आहे. १९८० साली फ्लोरिडात १८ वर्षांच्या एका तरुणाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणलं. घरचे म्हणाले, तो 'इंटोक्सिकादो' आहे. त्यांच्या स्पॅनिशमध्ये याचा अर्थ काहीतरी बाधक खाण्यात आलं. डॉक्टरांनी इंग्रजी अर्थ घेतला, नशा. अमली पदार्थांचा अतिरेक समजून उपचार झाले. मेंदूत रक्तस्राव होता, तो दोन दिवसांहून अधिक काळ कळला नाही. मुलगा हातापायांनी कायमचा लुळा झाला. भरपाईची तडजोड सुमारे सात कोटी दहा लाख डॉलर्सची झाली. तिथे दुभाषी मागवलाच नव्हता, कारण सगळ्यांना वाटलं की शब्द कळलाय.

एखादा शब्द अगदीच अनोळखी असेल तर आपण थांबून विचारतो. ओळखीचा वाटला की विचारत नाही. 'पेना' घ्या. स्पेनमध्ये दुःख, मेक्सिकोत संकोच. लघवीच्या तक्रारीबद्दल विचारल्यावर एखादी मेक्सिकन बाई 'मे दा पेना' म्हणाली, तर ती दुःखी नसते, लाजलेली असते. दारं बंद करून पुरुष विद्यार्थ्याला बाहेर पाठवलं की पुरतं.

आणि आता माझा आवडता शब्दप्रयोग, 'नो मे आयो'. मेक्सिकोच्या खेड्यांतून शहरात मुलांकडे आलेली म्हातारी माणसं हमखास म्हणतात. शब्दशः 'मी मला सापडत नाही'. दुभाषी बाई पहिल्यांदा अडखळल्या. इंग्रजीत कधी 'ती इथे रुळली नाही' म्हणत, कधी 'तिला परकं वाटतं', कधी 'तिला घरची आठवण येते'. तिन्ही थोडं थोडं बरोबर. मी म्हटलं, राहू द्या, मला कळलं. तिला करमत नाही!

'करमत नाही' हे आजाराचं नाव नव्हे. पण ज्याला करमत नाही तो जेवण कमी करतो, औषध विसरतो, दुपारी झोपतो आणि रात्री छताकडे बघत पडतो. काही महिने असं गेलं तर त्यातून खरं नैराश्य येऊ शकतं. आणि हे फक्त मेक्सिकन आजीचं नाही. टेक्सासमध्येच माझ्याकडे मुलाकडे सहा महिने आलेल्या मराठी आई-वडिलांच्याही खेपा व्हायच्या. मी मराठी आहे हे त्यांना माहीत नसताना एकदा मुलगा इंग्रजीत सांगत होता, आईला जरा बोअर होतंय, बाकी ठीक आहे. आई शेजारी हळूच म्हणत होती, "मला इथं करमत नाही रे, रात्र खायला उठते." मी मराठीत "कधीपासून, काकू?" असं विचारलं आणि त्यांनी माझा हात धरला. मुलाचा हेतू वाईट नव्हता. आईबद्दल डॉक्टरसमोर मोठा शब्द वापरायला त्याला जड गेलं असावं. म्हणूनच घरचा माणूस चांगला दुभाषी होत नाही. त्याला बरंच काही झाकायचं असतं, कधी रुग्णापासून, कधी डॉक्टरपासून, कधी स्वतःपासून.

तुमचे आई-वडील अमेरिकेत असतील तर हे माहीत असू द्या. १९६४च्या नागरी हक्क कायद्यापासून तिथे केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या रुग्णालयांवर भाषेची सोय करण्याची जबाबदारी आहे. दुभाषी फुकट असतो, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना, आणीबाणी सोडून, दुभाषी म्हणून वापरायला २०१६च्या नियमांनी मनाई केली. अपॉइंटमेंट घेतानाच 'मराठी दुभाषी हवा' असं सांगून ठेवा. बहुतेक वेळा तो फोनवर मिळतो. तयारीचा दुभाषी रुग्णाच्याच शब्दांत, 'मला दुखतंय' असं बोलतो, 'त्या म्हणतायत की' असं नाही. अडलेल्या शब्दावर तो तुम्हाला थांबवून विचारेल. विचारला तर चिडू नका.

इथे पुण्या-मुंबईत, नाशकात, सांगलीत दुभाषी लागत नाही असं वाटतं. तरी 'डिप्रेशन आलंय', 'ॲन्झायटी होतेय', 'मूड ऑफ आहे' हे शब्द हल्ली दवाखान्यात रोज ऐकते, आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा निघतो. कुणाला परीक्षेची भीती, कुणाचं भांडण, कुणाचा खरंच महिनाभर डोळ्याला डोळा नाही. तेव्हा माझ्याकडे किंवा कुठल्याही डॉक्टरकडे जाताना आजाराचं नाव राहू द्या. घरी ज्या शब्दात सांगाल त्याच शब्दात सांगा: कावले, विटले, जीव नकोसा झाला, पोटात खड्डा पडतो, काहीच गोड लागत नाही. मग कधीपासून, झोप किती, भूक किती, पूर्वी करत होतात ते काय बंद झालं, आणि घरातल्या कुणाला बदल जाणवला का, एवढं सांगा. 'जीव नकोसा झाला' हे खरोखर तसंच वाटत असेल तर तेही स्पष्ट सांगा. भेटीची वाट बघवत नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो रात्रंदिवस सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.